शेनिन ब्लां समजून घेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकाच द्राक्षापासून कडक कोरडी (म्हणजे साखर जवळजवळ न उरलेली), हलकी गोडसर, दाट गोड आणि फेसाळती अशी सगळी वाइन होते, आणि प्रत्येक प्रकारात ती उत्तम होऊ शकते, असं फार थोड्या जातींबद्दल म्हणता येतं. शेनिन ब्लां ही त्यातली एक. ती नाशिक जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर पिकते, तरी आपल्याकडे तिची ओळख ‘पहिल्यांदा पिणाऱ्यांसाठीची गोडसर वाइन’ एवढ्यावरच थांबली आहे. ही ओळख फार अपुरी आहे असं मला मनापासून वाटतं. तिच्याबद्दल पुन्हा पुन्हा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे दिली आहेत.

शेनिन ब्लां म्हणजे नेमकं काय?

पांढऱ्या वाइनसाठी लावली जाणारी द्राक्षाची एक जुनी फ्रेंच जात. तिचं माहेर फ्रान्समधलं लुआर नदीचं खोरं, त्यातही आंजू आणि तुरेन हा भाग. जनुकीय तपासणीत तिचं साव्हान्यां या फार जुन्या जातीशी थेट रक्ताचं नातं असल्याचं दिसून आलं आहे. पुढे तिच्यापासून आणि ग्वे ब्लां या जातीपासून कोलंबार ही जात जन्माला आली.

दक्षिण आफ्रिकेत तिला पूर्वापार स्टीन म्हणत आले, लुआरमध्ये पिनो द ला लुआर असंही नाव आहे. नाशिकच्या बागांमध्ये बहुतेक जण सरळ ‘चेनिन’ म्हणतात. दुकानात ‘शेनिन’ म्हटलं काय किंवा ‘चेनिन’ म्हटलं काय, योग्य बाटली हातात येते, त्यामुळे उच्चाराचा संकोच नको.

एकाच जातीपासून इतक्या वेगवेगळ्या वाइन कशा होतात?

याचं मुख्य कारण आंबटपणा. द्राक्ष पिकत जातं तशी त्यातली साखर वाढते आणि आम्ल कमी होतं. बऱ्याच जातींमध्ये साखर पुरेशी चढेपर्यंत आम्ल इतकं उतरतं की वाइन बेचव, ढिली लागते. शेनिनचं आम्ल मात्र पूर्ण पिकल्यावरही चांगलं टिकून राहतं. थंड प्रदेशात तर ते इतकं जास्त असतं की थोडी साखर शिल्लक ठेवली तरच वाइन सुखाने पिता येते.

एकदा हे लक्षात आलं की बाकीचं आपोआप उलगडतं. द्राक्षं लवकर तोडली तर आम्ल भरपूर आणि साखर कमी, म्हणजे फेसाळत्या वाइनला योग्य असा रस. थोडी थांबून तोडली आणि सगळी साखर आंबू दिली तर कोरडी वाइन. टाकी थंड करून आंबवण मध्येच थांबवलं तर गोडसर. आणि घड वेलीवरच राहू दिले, मणी सुरकुतले किंवा त्यांच्यावर ठरावीक बुरशी आली, तर रस इतका घट्ट होतो की यीस्ट सगळी साखर संपवूच शकत नाही. मग दाट गोड वाइन मिळते. एरवी एवढी साखर जिभेवर चिकट बसली असती, पण शेनिनमध्ये आंबटपणा तिला तोलून धरतो.

दुसरं कारण असं की या जातीचा स्वतःचा वास फार आक्रमक नाही. सफरचंद, नाशपाती, थोडा मध, कॅमोमाइलची फुलं असा तिचा सौम्य स्वभाव आहे. त्यामुळे माती, हवा, तोडणीची वेळ आणि वाइन करणाऱ्याचे निर्णय तिच्यात स्पष्ट उमटतात. याची दुसरी बाजूही सांगायला हवी. वेलीवर भरमसाट घड ठेवले तर शेनिन भरपूर पीक देते, पण ती वाइन पाणचट निघते. कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत अनेक दशकं स्वस्त वाइनसाठी तिचा असाच वापर झाला आणि तिचं नाव खराब झालं ते मुख्यतः त्यामुळे.

लुआरमधली कोणती नावं लक्षात ठेवावीत?

चार पुरेत: वूव्रे, साव्हनिएर, कोतो द्यू लेयों आणि कार द शोम.

वूव्रे हे तूर शहराच्या पूर्वेला, नदीच्या उत्तर काठावर आहे. जमीन तुफो नावाच्या मऊ, पिवळसर चुनखडीची. लुआरच्या प्रसिद्ध महालांसाठी हाच दगड डोंगरातून कापून काढला आणि मागे राहिलेल्या गुहा वाइनच्या तळघरांसाठी वापरात आल्या. १९३६ पासून वूव्रे हे नाव कायद्याने संरक्षित आहे. या एकाच गावच्या नावाखाली कोरडी, गोडसर, गोड आणि फेसाळती अशी सगळी शेनिन मिळते. त्या वर्षी हवा कशी होती त्यावर कोणता प्रकार जास्त करायचा हे ठरतं. गारठ्याचं, ढगाळ वर्ष असेल तर फेसाळती जास्त; उन्हाचं, लांबलेलं शरद असेल तर गोड. दोमेन उए हे इथलं १९२८ पासूनचं घराणं. ल ओ-ल्यू, ल मों आणि क्लो द्यू बूर या त्यांच्या तीन बागांची वाइन ते वेगवेगळी भरतात. त्यांची १९४७ सालची गोड वाइन आजही जाणकारांच्या बोलण्यात येते.

साव्हनिएर हे आंजे शहराजवळ, तिथली जमीन स्लेटसारख्या पापुद्र्याच्या दगडाची, म्हणजे शिस्टची. इथली शेनिन प्रामुख्याने कोरडी, करकरीत आणि सुरुवातीची काही वर्षं फारशी न बोलणारी. याच परिसरात कुले द सेरां ही सुमारे ७ हेक्टरची बाग आहे. सिस्टर्शियन पंथाच्या साधूंनी ११३० च्या सुमारास ती लावली असं सांगतात. तिचे मालक निकोला जोली यांनी तिथे बायोडायनॅमिक पद्धतीची, म्हणजे रसायनांशिवाय आणि निसर्गचक्र पाळून करायची शेती रुजवली आणि त्या पद्धतीचा जगभर प्रचारही केला.

कोतो द्यू लेयों लेयों नावाच्या छोट्या उपनदीच्या काठावर आहे. शरद ऋतूत तिथे सकाळी नदीवरून धुकं येतं, दुपारी ऊन पडतं. या आलटापालटीत बोट्रायटिस ही बुरशी मण्यांवर येते, मण्यांची साल झिरपती करते आणि आतलं पाणी उडून जातं. एरवी जी बुरशी पीक सडवते तीच इथे हवीहवीशी असते. सगळे मणी एकाच दिवशी तयार होत नाहीत, म्हणून मजूर एकाच बागेतून काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा फिरतात आणि प्रत्येक वेळी फक्त तयार झालेले घड किंवा घडाचे भाग तोडतात. ही वाइन महाग का असते, याचं उत्तर या फेऱ्यांमध्ये आहे.

कार द शोम हा त्याच खोऱ्यातला छोटा, निवडक तुकडा. पिकाचा चौथा हिस्सा जमीनदाराला द्यावा लागे, त्यावरून हे नाव पडलं. २०११ मध्ये त्याला लुआरमधल्या पहिल्या ग्रां क्रूचा, म्हणजे सर्वोच्च श्रेणीच्या बागेचा दर्जा मिळाला.

बाटली कोरडी आहे की गोड, हे लेबलवरून कसं कळेल?

फ्रेंच बाटलीवर ‘सेक’ म्हणजे कोरडी, ‘देमी-सेक’ म्हणजे किंचित ते मध्यम गोड, ‘म्वाल्यू’ म्हणजे गोड आणि ‘दू’ म्हणजे फार गोड. युरोपच्या नियमानुसार सेक म्हणजे लिटरला ४ ग्रॅमपर्यंत साखर. आम्ल पुरेसं असेल तर ही मर्यादा ९ ग्रॅमपर्यंत जाते. ४५ ग्रॅमपुढे दू. अडचण अशी की वूव्रेच्या अनेक बाटल्यांवर यातला एकही शब्द नसतो. अशा वेळी मद्यांश पाहावा. १३ टक्क्यांच्या पुढे असेल तर बहुधा कोरडी, ११ च्या आसपास असेल तर साखर शिल्लक असण्याची शक्यता जास्त. हा केवळ अंदाज आहे, नियम नव्हे. भारतीय बाटल्यांच्या मागच्या लेबलवर साधारणतः ‘सेमी ड्राय’, ‘ड्राय’ किंवा ‘लेट हार्वेस्ट’ (उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाइन) असा उल्लेख सापडतो.

दक्षिण आफ्रिकेचं नाव शेनिनच्या संदर्भात इतक्यांदा का येतं?

कारण सर्वांत जास्त शेनिन तिथे आहे, फ्रान्सपेक्षाही जास्त. त्या देशातल्या वाइनच्या द्राक्षांखालील क्षेत्रात तिचा वाटा पहिल्या क्रमांकाचा.

१६५५ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीच्या यान फान रीबेक याने केपमध्ये द्राक्षाच्या काड्या मागवून लावल्या आणि २ फेब्रुवारी १६५९ रोजी तिथली पहिली वाइन गाळली. त्या पहिल्या काड्यांमध्ये शेनिन होती असं मानलं जातं. पुढची तीनशे वर्षं शेतकरी तिला स्टीन म्हणत राहिले आणि ही वेगळीच स्थानिक जात आहे असं समजत राहिले. १९६५ मध्ये स्टेलेनबॉश विद्यापीठाचे प्राध्यापक ऑर्फर यांनी पानं ताडून पाहिली आणि स्टीन म्हणजेच लुआरची शेनिन ब्लां हे निश्चित केलं.

बराच काळ ती तिथे राबणारी जात होती. भरपूर पिकायची, ब्रँडी गाळायला जायची, स्वस्त पांढऱ्या वाइनच्या मिश्रणात जायची. १९५९ मध्ये आलेली लीबरस्टाइन नावाची गोडसर वाइन शेनिन आणि क्लॅरेट ब्लांश या द्राक्षांपासून केलेली होती. १९६४ पर्यंत ती जगात सर्वाधिक खपणारी बाटलीबंद वाइन म्हणून गणली गेली. या यशाने शेनिनची लागवड वाढली, पण तिच्याबद्दलचा आदर वाढला नाही.

आदर आला तो जुन्या वेलींमुळे. स्वार्टलँड, पार्ल आणि स्टेलेनबॉशच्या कोरडवाहू जमिनीत तारेशिवाय झुडपासारख्या वाढवलेल्या जुन्या शेनिनच्या बागा शिल्लक होत्या. पीक कमी येतं म्हणून त्या उपटल्या जात होत्या. द्राक्षशेतीतज्ज्ञ रोझा क्रूगर यांनी अशा बागा शोधून त्यांची नोंद करायला सुरुवात केली. त्यातून ओल्ड व्हाइन प्रोजेक्ट उभा राहिला. ३५ वर्षं किंवा त्याहून जुन्या वेलींच्या वाइनवर आता एक प्रमाणित शिक्का असतो आणि त्यावर बाग कोणत्या साली लावली ते छापलेलं असतं. शेतकऱ्याला जुनी वेल राखण्याचा मोबदला मिळावा हा त्यामागचा हेतू. मला ही कल्पना अतिशय महत्त्वाची वाटते, कारण आपल्याकडे वाइनच्या द्राक्षबागा आत्ता कुठे पंचविशीत येत आहेत आणि त्यातल्या कोणत्या राखायच्या हा प्रश्न लवकरच समोर येणार आहे.

नाशिकमध्ये शेनिन कशी आली आणि इथे तिचं काय वेगळं होतं?

नाशिक द्राक्षांचा जिल्हा, पण तो खायच्या द्राक्षांचा. थॉम्पसन, तास-ए-गणेश, सोनाका ही नावं इथे घरोघरी माहीत. राजीव सामंत यांनी १९९० च्या दशकात सावरगाव-गंगापूर भागात वाइनच्या द्राक्षांची लागवड केली आणि २००० साली त्यांच्या सुला या वायनरीच्या पहिल्या बाटल्या बाजारात आल्या, त्यात सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां होत्या. राज्य सरकारने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं आणि दिंडोरी, निफाड, इगतपुरी या तालुक्यांत वायनरी उभ्या राहिल्या. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही आहे. नाशिकबाहेर सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजला फ्रातेल्ली ही वायनरीही शेनिन करते.

वेगळेपण सुरू होतं ते छाटणीपासून. लुआरमध्ये हिवाळ्यात वेल झोपते, पानं गळतात, वर्षातून एकदा छाटणी होते. नाशिक विषुववृत्तापासून फक्त २० अंशांवर; इथे वेल कधी झोपतच नाही. म्हणून दोन छाटण्या घ्याव्या लागतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, त्यानंतर काडी तयार होते आणि डोळ्यांत सूक्ष्म घडनिर्मिती होते. मग पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी आणि तिच्यावर फळ धरायचं. तोडणी जानेवारी ते मार्च. म्हणजे लुआरमध्ये मणी पिकत असताना दिवस लहान आणि थंड होत जातात, आपल्याकडे उलट, दिवस मोठे आणि गरम होत जातात.

हा फरक फार मोठा आहे. डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या रात्री चांगल्या गार असतात. निफाडचा पारा उतरल्याची बातमी दर हिवाळ्यात असतेच. समुद्रसपाटीपासूनची सुमारे ६०० मीटर उंचीही मदत करते. या गारव्यात मण्यातलं मॅलिक आम्ल टिकतं. फेब्रुवारी संपत आला की ऊन चढतं आणि आम्ल झपाट्याने उतरायला लागतं. म्हणून इथल्या शेनिनच्या तोडणीत दिवसांचा हिशेब असतो. साखर, म्हणजे ब्रिक्स, २० ते २२ च्या आसपास आली की आम्ल आणि पीएच रोज तपासायचं, आणि तोडणी पहाटे किंवा रात्री उरकायची, म्हणजे घड गार असतानाच वायनरीत पोचतात. आठवडाभर उशीर झाला तर साखर मिळते, ताजेपणा जातो.

चव त्यामुळे वेगळी येते. लुआरचं हिरवं सफरचंद, क्विन्स (नाशपातीसारखं एक आंबट फळ) आणि ओल्या लोकरीसारखा वास इथे कमी. पिकलेला पेरू, खरबूज, अननस, कधी पपई जास्त. याला मी कमीपणा मानत नाही. हवा वेगळी आहे तर फळ वेगळं बोलणारच.

मग नाशिकची शेनिन बहुतेक वेळा गोडसरच का असते?

बाजारामुळे. पहिल्यांदा वाइन पिणाऱ्याला थोडी साखर सोपी जाते, आणि तिखट जेवणाबरोबर ती जुळतेही. सुलाच्या शेनिनने हा मार्ग घेतला, तो चालला आणि इतरांनीही तो धरला. तंत्र सोपं आहे: स्टीलच्या टाकीत कमी तापमानाला आंबवण चालू असताना हवी तेवढी साखर उरली की टाकी एकदम थंड करायची, यीस्ट थांबतं, मग गाळून घ्यायचं.

पण इथे ती फक्त गोडसरच होते हा समज खरा नाही. दिंडोरीच्या शांदों या वायनरीच्या फेसाळत्या वाइनमध्ये शार्दने आणि पिनो न्वार या द्राक्षांबरोबर शेनिन वापरतात. लवकर तोडलेल्या शेनिनचा आंबटपणा तिथे कामी येतो, आणि दुसरं आंबवण बाटलीतच होतं. सुला आणि रेव्हेलो या वायनरींनी लेट हार्वेस्ट शेनिन केली आहे, म्हणजे वेलीवर मणी सुकू देऊन केलेली गोड वाइन. नाशिकला उन्हाळ्याच्या तोंडाशी हवा कोरडी असते, त्यामुळे लेयोंसारखी बुरशीची वाट पाहावी लागत नाही, उन्हानेच मणी आटतात. माझ्या मते नाशिकच्या शेनिनचे हे दोन टोकांचे प्रकार, फेसाळती आणि लेट हार्वेस्ट, इथल्या हवेला सर्वांत चांगले साधतात. कोरड्या, कमी पिकाच्या बागेतल्या शेनिनवर मात्र अजून फार काम व्हायचं आहे आणि ग्राहकांनी मागितली तरच ते होईल.

सोव्हिन्यों ब्लां आणि शार्दने यांच्यापेक्षा ती कशी वेगळी?

सोव्हिन्यों ब्लां नाकाला लगेच ओळखू येते: कापलेलं गवत, हिरवी मिरची, पॅशनफ्रूट. शार्दने साधारणतः भरदार, तिच्यावर ओकच्या पिंपाचा संस्कार सहज चढतो. शेनिन वासाने शांत आणि जिभेवर ताठ. तिघींचे ग्लास शेजारी ठेवून चाखले तर शेनिन वासात तिसरी येईल, पण घोट गिळल्यावर तोंडात पाणी सुटेल ते तिच्यामुळे.

जेवणाबरोबर काय चालेल?

मराठी आणि गोव्याच्या ताटाबरोबर इतकी सहज बसणारी दुसरी पांढरी वाइन मला माहीत नाही. दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या की पुरे. पहिली, वाइन निदान पदार्थाइतकी आंबट हवी, नाहीतर ती पाणी वाटते. आपल्याकडे चिंच, कोकम, लिंबू, दही जागोजागी. शेनिन त्यांच्यापुढे टिकते. दुसरी, मद्यांश तिखटाची आग वाढवतो आणि साखर ती कमी करते. म्हणून झणझणीत पदार्थाबरोबर कमी मद्यांशाची गोडसर शेनिन घ्यावी.

चिंच-गुळाची अळूवडी आणि गोडसर शेनिन ही माझी सर्वांत आवडती जोडी. कुरकुरीत कडा, आतली आंबटगोड चव, आणि वर पेरलेलं ओलं खोबरं, तिन्ही गोष्टींना वाइन उत्तर देते. कोथिंबीर वडी, साबुदाणा वडा, थालीपीठ-लोणी यांच्याबरोबर फेसाळती उत्तम, कारण बुडबुडे आणि आम्ल तेलकटपणा धुऊन काढतात. रव्यात घोळवलेले बोंबील किंवा सुरमई असेल तर कोरडी. मालवणी कोळंबीच्या सारासारख्या नारळाच्या रसाला थोडी भरदार, शक्यतो दक्षिण आफ्रिकेची जुन्या वेलीची. गोव्याच्या रेशाद मसाल्यात व्हिनेगर आणि तिखट दोन्ही असतं, तिथे पुन्हा गोडसर. मिसळीबरोबरही गोडसर चालते, पण तर्री बेताची हवी.

मटणाच्या रश्श्यापुढे शेनिन दबते, तिथे आग्रह धरू नये. गोडाचं ताट असेल तर काळजी घ्यावी. पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन आंबट आणि रोडावलेली लागते. पुरणपोळीबरोबर लेट हार्वेस्टसुद्धा अनेकदा फिकी पडते. ती फळांबरोबर, खारवलेल्या काजूबरोबर किंवा निळ्या बुरशीच्या चीजबरोबर घ्यावी.

किती थंड करून प्यावी, आणि उघडल्यावर किती दिवस टिकते?

कोरडी आणि गोडसर ८ ते १० अंशांना, फेसाळती आणि गोड ६ ते ८ अंशांना. फ्रिजमधून काढून पाच-दहा मिनिटं ठेवली की बरोबर होते. फार गार प्यायली तर वास मिटतो, कोमट प्यायली तर आंबटपणा बोथट होतो आणि मद्य पुढे येतं. ग्लासात बर्फ टाकू नका. घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली त्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवा.

उघडलेली बाटली बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस चांगली राहते. गोड वाइन आठवडाभर. फेसाळती दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवलेली बरी.

बाटलीच्या तळाशी काचेसारखे खडे दिसले. वाइन खराब झाली का?

नाही. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल पोटॅशियमशी जुळून थंडीत स्फटिक होतं, तेच हे खडे. आंबट वाइनमध्ये ते जास्त दिसतात. निर्धोक आहेत, सावकाश ओता, म्हणजे तळाशीच राहतील.

शेनिन साठवून ठेवता येते का?

लुआरची चांगली शेनिन हे पांढऱ्या वाइनमधलं दीर्घायुष्याचं उदाहरण आहे. साखर असो वा नसो, तिचं आम्ल तिला टिकवतं. गोड वूव्रे अनेक दशकं जगते. वयाबरोबर तिला मध, भाजलेल्या सफरचंदाचा, अक्रोडाचा, मशरूमचा वास येतो. दक्षिण आफ्रिकेची उत्तम कोरडी शेनिनही काही वर्षं छान वाढते. नाशिकची साधी गोडसर शेनिन मात्र ताजी असतानाच प्यायची वाइन आहे. लेबलवरचं वर्ष पाहून शक्य तेवढी अलीकडची घ्या आणि वर्ष-दोन वर्षांत संपवा. दुकानाच्या काचेच्या कपाटात उन्हात उभी असलेली बाटली कितीही स्वस्त मिळाली तरी नको. मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यात घरी ठेवायची असेल तर फ्रिजशिवाय सुरक्षित जागा नाही.

शेनिन शाकाहारी असते का?

द्राक्ष आणि यीस्ट शाकाहारीच. प्रश्न वाइन नितळ करण्याच्या टप्प्यावर येतो. तिथे पूर्वापार अंड्याचा पांढरा भाग, दुधातलं केसीन किंवा माशापासून मिळणारं आयसिंग्लास वापरतात. हे पदार्थ गाळ होऊन खाली बसतात आणि काढून टाकले जातात. पांढऱ्या वाइनमध्ये बेंटोनाइट ही माती मोठ्या प्रमाणावर वापरली जाते, ती खनिज आहे. ज्यांना खात्री हवी त्यांनी बाटलीवरची खूण पाहावी किंवा वायनरीला थेट विचारावं.

पांढरी वाइन तब्येतीला चांगली असते का?

औषध म्हणून वाइन पिऊ नये. मद्याचं कोणतंही प्रमाण आरोग्याला पूर्ण निर्धोक नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. गरोदरपणात, यकृताच्या आजारात, औषधं चालू असताना आणि गाडी चालवायची असताना ती नकोच. गोडसर शेनिनमध्ये साखरही असते, मधुमेह असणाऱ्यांनी ते विसरू नये.

माझी एक-दोन एकर द्राक्षबाग आहे. शेनिन लावू का?

आधी वायनरीशी लेखी करार, मग लागवड. हा क्रम उलटा करू नका. शेनिनचा मणी लहान, बियांचा, घट्ट घडाचा. वायनरीने माल उचलला नाही तर तो खायच्या द्राक्षांच्या बाजारात विकला जात नाही, बेदाण्यालाही उपयोगी नाही. २००१ च्या धोरणानंतर उत्साहाने लागवड झाली आणि २००८ नंतरच्या मंदीत मागणी पडल्यावर अनेकांनी वाइनच्या बागा उपटल्या, हे जिल्ह्याने पाहिलं आहे.

करार असेल तर काही गोष्टी सोप्या आहेत. थॉम्पसनसारखं जीएचं डिपिंग (घड जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात बुडवणं) नको, मणी फुगवायचा नाही, विरळणीची मजुरी वाचते. अवघड ते असं: वेल जोमदार, त्यामुळे पालेदाटी लवकर होते. घड घट्ट, त्यामुळे आत हवा खेळत नाही आणि भुरी व घडकुज पटकन येते. घडांभोवतीची पानं वेळेवर काढावीत, पण दुपारच्या उन्हाची बाजू झाकलेली ठेवावी. वेलीवर किती घड ठेवायचे हे करारातच ठरवून घ्या. वजनावर पैसे मिळत असतील तर जास्त पीक घेण्याचा मोह होतो आणि दर्जा तिथेच जातो. ब्रिक्सबरोबर आम्ल आणि पीएच यांच्यावरही दर ठरवणारी वायनरी मिळाली तर ती निवडा. खुंट आणि फवारणीच्या वेळापत्रकासाठी पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा.

पहिल्यांदा चाखायची असेल तर कुठून सुरुवात करावी?

तीन बाटल्या, तीन-चार मित्रमंडळी आणि एक जेवण. एक नाशिकची गोडसर, एक दक्षिण आफ्रिकेची कोरडी, आणि मोठ्या शहरातल्या दुकानात मिळाली तर एक वूव्रे. आधी कोरडी, मग गोडसर. उलट क्रमाने प्यायलात तर कोरडी उगाच कडक वाटेल. वूव्रेचा क्रम तिच्यातली साखर पाहून ठरवा. प्रत्येकीचा पहिला घोट अन्नाशिवाय घ्या, दुसरा अळूवडीच्या तुकड्यानंतर.

बागा आणि तोडणी पाहायला नाशिकला कधी जावं?

जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य. शेनिन साधारण याच सुमाराला तोडतात आणि टाक्यांत आंबवण चालू असतं, त्यामुळे वायनरीत रसाचा आणि यीस्टचा वास असतो. चाखण्याच्या खोलीत टाकीतून थेट काढलेला नमुना मिळतो का, हे विचारून पाहा. अर्धवट आंबलेली, ढगाळ, अजून चुरचुरणारी शेनिन चाखली की साखर आणि आम्लाची ओढाताण जिभेवर कळते. पावसाळ्यात गंगापूर धरणाचा परिसर हिरवागार असतो, पण वेलीवर एकही घड नसतो. एप्रिल-मेमध्ये गेलात तर खरड छाटणी झालेल्या उघड्या काड्या दिसतील. शनिवार-रविवारी गर्दी फार, मधल्या वारी गेलात तर बागेत काम करणाऱ्यांशी निवांत बोलता येतं.